चौदाव्या दगडाची सहावी बाजू

बुधवार, २ मार्च १९८८. द्रिमी.

कामाच्या नोंदवहीत खासगी मजकूर लिहू नये, हा नियम मीच बावीस वर्षांपूर्वी घालून दिला. तो मोडण्याचे कारण दिसत नाही. म्हणून ही दुसरी वही.

माझी पत्नी एवान्थिया २५ जानेवारीस वारली. त्यानंतरच्या पाच आठवड्यांत नोंदवहीत मी चार वेळा चुकीची तारीख घातली. हे पोलिक्सेनीने दाखवून दिले. ती एवान्थियाची विद्यार्थिनी, आता आमच्या कार्यालयात नकाशे आणि आरेखने सांभाळते. मनात जे साचते ते अन्यत्र काढून ठेवले, तर नोंदवही निर्दोष राहील. या लेखनाचा हेतू एवढाच आहे.

कामाची स्थिती पुढीलप्रमाणे. भूकंपात पडलेल्या आणि आम्ही पुन्हा उभारत असलेल्या, डोंगरावरच्या प्राचीन ग्रीक देवळाचे पूर्वेकडील सहाही खांब आता उभे आहेत. मात्र खांब म्हणजे देऊळ नव्हे. देऊळपण येते ते खांबांच्या माथ्यावर आडव्या बसणाऱ्या तीन थरांनी : खाली तुळई, मध्ये कोरीव पट्टा आणि वर पुढे आलेला छज्जा. तुळई एका खांबाच्या मध्यापासून पुढच्या खांबाच्या मध्यापर्यंत जाते. ती बसेपर्यंत खांब एकमेकांना ओळखत नाहीत. (हे वाक्य एवान्थियाचे. १९८१ च्या अहवालातून मी ते काढून टाकले होते.)

पाच गाळ्यांपैकी चार गाळ्यांवर तुळया चढल्या. मधला गाळा रिकामा आहे. त्यासाठी निश्चित केलेला दगड क्रमांक चौदा. त्रिपोलीहून क्रेन २८ मार्चला येईल, ३० ला परत जाईल. पुढच्या वर्षी मी निवृत्त होतो. चौदा वर गेला की माझे काम पूर्ण होते.


शनिवार, ५ मार्च.

चाळिसावा दिवस. चर्चमध्ये स्मरणविधी झाला. उकडलेल्या गव्हाचा प्रसाद माझी मेहुणी दियामान्तो हिने केला होता : डाळिंबाचे दाणे, बदाम, मनुका, वर पिठीसाखरेचा थर, आणि त्यावर रुपेरी गोळ्यांनी काढलेले एवान्थियाच्या नावाचे पहिले अक्षर. अक्षर मध्यरेषेपासून सुमारे एक बोट डावीकडे सरकले होते.

दुपारी पाहुणे गेल्यावर दियामान्तो स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

“भाऊजी, एक विचारू? खरं सांगाल?”

“मी खोटं बोलत नाही.”

“ते ठाऊक आहे सगळ्यांना. म्हणून तर तुम्हाला कुणी काही विचारत नाही.” तिने हात ॲप्रनला पुसले. “पाठीवरचा तो तीळ तिने तुम्हाला दाखवला होता ना? मला म्हणाली होती, लेआंद्रोसला दाखवते, आपली पाठ आपल्याला थोडीच दिसते.”

मी होकारार्थी उत्तर दिले.

आणखी काही ऐकायला मिळेल म्हणून ती थोडा वेळ थांबली. मग ताटे धुऊ लागली. एकूण एकोणीस ताटे होती.


रविवार, ६ मार्च.

रिवाजाप्रमाणे चाळीस दिवस दाढी केली नव्हती. आज केली. चेहरा पूर्वीपेक्षा अरुंद वाटला.


मंगळवार, ८ मार्च.

फ्रांगिस्कोस मिस्त्री आज चौदाबद्दल बोलला. मिस्त्री तिनोस बेटावरचा. संगमरवराचे काम त्यांच्या घरात सात पिढ्या चालत आले आहे. तो मोजपट्टीपेक्षा कानावर अधिक भरवसा ठेवतो, आणि ही गोष्ट मला पहिल्या दिवसापासून पटलेली नाही.

चौदा देवळाच्या उत्तरेला, बदामाच्या झाडांखाली पडलेला आहे. भूकंपात जिथे पडला तिथेच, जसा पडला तसाच. त्याच्या शेजारी तेरा. मिस्त्रीने लहान हातोडी काढून तेरावर टिचकी मारली. दगडाने घंटेसारखा आवाज दिला. मग चौदावर मारली.

“ऐकलंत साहेब? तो गातो. हा सर्दी झालेल्या पाद्र्यासारखा खोकतो.”

“तो मातीत रुतलेला आहे. आवाज जमीन शोषून घेते.”

“तेरा काय गादीवर झोपलाय?”

“मिस्त्री, तुमच्या कानाचा अहवाल मी पुरातत्त्व समितीला कसा पाठवू?”

“समितीला कशाला पाठवता? स्वतःलाच पाठवा की.” तो हसला आणि हातोडी पट्ट्यात खोचून निघून गेला.

माझा डावा कान काहीसा मंद आहे. तरीही मी दोन्ही दगडांवर पेन्सिलीच्या टोकाने ठोकून पाहिले. फरक जाणवला नाही. पेन्सिल हे त्यासाठी योग्य साधन नव्हे, हे नमूद करतो.


शुक्रवार, ११ मार्च.

पोलिक्सेनीने कार्यालयाच्या कपाटातून एवान्थियाच्या आठ वह्या काढून माझ्या टेबलावर ठेवल्या. “सर, या घरी न्यायच्या की इथेच राहू द्यायच्या?” असे तिने विचारले. वह्या शासकीय कामाच्या असल्यामुळे त्या येथेच राहतील असे मी सांगितले. मग मी दार लावून त्या वाचल्या.

या देवळाच्या वरच्या बांधणीचे एकशे बारा दगड एवान्थियाने अकरा वर्षांत कागदावर आरेखले. प्रत्येक दगडाला एक पान, प्रत्येक पानावर सहा चौकोन : वर, खाली, पुढे, मागे, आणि दोन टोके. तुळईच्या माथ्यालगतच्या पट्टीखाली सहा-सहा दगडी थेंब कोरलेले असतात. तिने प्रत्येक थेंब निराळा काढला आहे, कारण प्रत्येक निराळा झिजला आहे. चौकोन पुरा झाला की खाली बारीक अक्षरात : “पाहिले. ए.”

चौदाच्या पानावर पाच चौकोन भरलेले आहेत. “खाली” हा चौकोन कोरा आहे. त्याच्या कडेला पेन्सिलीने तीन ओळी :

विचारले. मे ७९.
विचारले. सप्टें. ८३.
विचारले. सप्टें. ८७.

कार्यालयाची नोंदवही पडताळून पाहिली. १९७९ आणि १९८३ मध्ये तिच्या लेखी मागण्या आहेत, त्याखाली माझे उत्तर आहे. दोन्ही ठिकाणी एकच : “आवश्यकता नाही.” १९८७ ची मागणी नोंदवहीत नाही. ती तिने तोंडी केली असावी. मला स्मरत नाही.


शनिवार, १२ मार्च.

मतभेदाचे स्वरूप स्पष्ट लिहून ठेवणे योग्य ठरेल.

चौदाचे एक टोक तुटलेले आहे, त्यामुळे त्याची मूळ लांबी मोजता येत नाही, अनुमानाने काढावी लागते. कोपऱ्यावरचे गाळे मधल्या गाळ्यांपेक्षा सहा सेंटिमीटरने अरुंद असतात. माझ्या मते मूळ लांबी दोन मीटर बावन्न, म्हणजे हा दगड पूर्वेच्या मधल्या गाळ्याचा. एवान्थियाच्या मते दोन मीटर शेहेचाळीस, म्हणजे उत्तरेच्या कोपऱ्याचा. ती म्हणे, दगड उलटा करून तळ पाहू. तुळई ज्या खांबांवर दोन हजार वर्षे टेकली, त्यांच्या माथ्यांचा ठसा तळावर राहतो. झाकलेला भाग ऊन-पावसापासून वाचतो आणि उजळ राहतो. दोन उजळ पट्ट्यांमधले अंतर मोजले की वाद मिटेल.

माझे म्हणणे असे होते, की माथ्यालगतच्या थेंबांवरून लांबी निघते, त्यामुळे तळ पाहण्याची गरज नाही. तीन टनांचा दगड केवळ कुतूहलापोटी उलटा करणे हे गैरवाजवी आहे.

ती म्हणाली होती, “तू चुकतोयस असं मी म्हणत नाहीये. तू बघितलं नाहीयेस, एवढंच म्हणतेय.”

मला त्या वेळी या दोन विधानांत फरक दिसला नाही.

समितीच्या अर्जात एक छापील ओळ असते : “दगडाच्या सहाही बाजू तपासल्या आहेत.” चौदाच्या अर्जावर त्या ओळीसमोर माझी सही आहे, दिनांक ४ नोव्हेंबर १९८३. पाच बाजू प्रत्यक्ष पाहिल्या होत्या. सहावी अनुमानाने.


मंगळवार, १५ मार्च.

वारा. डाळिंबाचे उरलेले दाणे खराब झाले होते, फेकले. रात्रीच्या जेवणाला बिया असलेले ऑलिव्ह आणि पाव.


गुरुवार, १७ मार्च.

दियामान्तोला मी दिलेले उत्तर सत्य होते, परंतु अपूर्ण होते. पूर्ण उत्तर येथे लिहितो.

जून १९८६ मधला एक रविवार. सकाळी साडेदहाचा सुमार. मी अंगणातील टेबलावर छज्ज्याच्या दगडांची यादी तपासत होतो. एवान्थिया माझ्याकडे पाठ करून उभी राहिली, ब्लाउज खांद्यावरून खाली घेतला आणि म्हणाली, “खाजतंय इथे. बघ ना काय आहे.” मी पाहिले. डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली एक तपकिरी तीळ होता. मी म्हणालो, “तीळ आहे. पूर्वीपासूनचा.” तिने विचारले, “वाढलाय का?” मी म्हणालो, “नाही.” तिने ब्लाउज सारखा केला आणि कॉफी करायला आत गेली.

चष्मा त्या वेळी आतल्या खोलीत, पुस्तकांच्या कपाटावर होता. यादी मोठ्या अक्षरांत असल्यामुळे मला त्याची गरज भासली नव्हती.

डॉक्टरांकडे ती पुढच्या वर्षी मार्चमध्ये गेली.


शनिवार, १९ मार्च.

पोलिक्सेनी कामाची वेळ संपल्यावर थांबली.

“सर, चौदा वर जाण्याआधी उलटा करून बघू या का? मिस्त्री म्हणतात, तिकाटणं आणि चेनकप्पी लावली तर दोन दिवसांत होईल.”

“तुम्ही दोघांनी आधीच ठरवलेलं दिसतं.”

“ठरवलं काही नाही. बोललो फक्त.”

“कारण सांगा.”

“पान कोरं आहे.”

“ते कारण नाही, ती भावना आहे. एकदा तुटलेलं टोक जोडण्याच्या टायटॅनियम सळयांसाठी दगडाला भोकं पडली की कार्यक्रम पुढे सरकतो, आणि तो तसा सरकलाच पाहिजे. बाईंच्या वहीचं एक पान भरावं म्हणून मी सरकारी क्रेन अडवू?”

तिने हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाली, “सर, वर गेल्यावर तळ परत कुणाला दिसणार नाही.” आणि पर्स उचलून गेली. जाताना तिने दार आपटले नाही, नेहमीसारखेच हलकेच ओढून घेतले. हे मी का लिहितो आहे ते सांगता येत नाही.


सोमवार, २१ मार्च.

एवान्थियाच्या खणात एक नवा रुमाल सापडला. इस्त्री केलेला, कडेला निळी शिवण.

आमच्याकडे घराच्या आढ्याची लाकडे चढली की घरधनीण गवंड्यांना रुमाल देते. ते उंचावर फडकवून मग आपापसांत वाटून घेतले जातात. देवळाला घरधनीण नसल्यामुळे एवान्थियाने ते काम स्वतःकडे घेतले होते. चार तुळया, चार रुमाल. चारही फ्रांगिस्कोस मिस्त्रीकडे आहेत. हा पाचवा. तिने तो केव्हा आणला असेल, याचा हिशेब लागत नाही. डिसेंबरनंतर ती घराबाहेर पडली नव्हती.


शुक्रवार, २५ मार्च.

राष्ट्रीय सणाची सुट्टी. शाळेची मुले निळेपांढरे झेंडे घेऊन चौकातून गेली. मिस्त्रीने जेवायला बोलावले होते. तळलेला खारा मासा आणि लसणाची चटणी.

“घ्या साहेब. आम्ही पोपची, कॅथलिक माणसं असलो तरी मासा तुमच्याच देवाच्या पद्धतीने तळतो.”

“लसूण जास्त झाला आहे.”

“तुम्हाला चव लागतेय हेच मोठं झालं.”

जेवणानंतर त्याने ग्लास बाजूला ठेवला. “एक सांगायचं राहिलंय. बाई सप्टेंबरात आल्या होत्या वर. कशा चढल्या त्यांनाच ठाऊक, पार पांढऱ्या पडलेल्या. चौदावर बसल्या. म्हणाल्या, फ्रांगिस्को, याला उलटा कर, मला बघायचाय.”

“मग?”

“मग काय. मी म्हटलं, साहेबांची सही आणा, आत्ता करतो. तर हसल्या. म्हणाल्या, राहू दे, तो करील. त्याला वेळ लागतो.”

मी माशाचे काटे ताटाच्या कडेला लावले.

“मी सहीवाचूनच करायला हवं होतं,” मिस्त्री म्हणाला.

“ते नियमाविरुद्ध झालं असतं.”

“झालं असतं खरं.” त्याने माझ्या ताटात आणखी एक तुकडा वाढला. मी तो संपवला.


शनिवार, २६ मार्च.

चौदाची ताकदीची गणिते पुन्हा तपासली. आकडेमोडीत चूक नाही. तथापि सर्व गणित एका गृहीतावर उभे आहे : दगड अखंड आहे. दोन खांबांवर टेकलेल्या दगडी तुळईवर ताण येतो तो तळाला, मध्यभागी. वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते, आणि दगडाला ताण सोसत नाही. हे मी विद्यापीठात दुसऱ्या वर्षी शिकलो आणि त्यानंतर निदान पंधरा वेळा इतरांना शिकवले. म्हणजे तुळईची ज्या बाजूवर परीक्षा होते, नेमकी तीच बाजू मी पाहिलेली नाही.

दुपारी पोलिक्सेनीकडून लेखी आदेश टंकलिखित करून घेतला : सोमवारी क्रेन आल्यावर दगड क्रमांक चौदा प्रथम उलटा करावा. कारणाच्या रकान्यात काय लिहावे, असे तिने विचारले.

“तपासणी,” मी म्हणालो.

तिने तेवढेच लिहिले.


सोमवार, २८ मार्च.

क्रेन सव्वाआठला आली. चालकाने आदेश वाचला, कागदाची मागची बाजूही पाहिली.

“मला तर सांगितलं होतं दगड वर न्यायचाय.”

“आधी उलटा करायचा आहे.”

“म्हणजे त्रिपोलीहून ऐंशी किलोमीटर मी ऑम्लेट उलटायला आलो?”

“तीन टनांचं आहे,” मिस्त्री त्याला म्हणाला, “फोडू नकोस म्हणजे झालं.”

वाळूचा बिछाना आणि जुने टायर काल संध्याकाळीच मांडून ठेवले होते. क्रेनचे पट्टे दगडाच्या दोन टोकांना घ्यावेत असे माझे म्हणणे होते, कारण सूचनापुस्तिकेत तसे आहे. मिस्त्रीने नकार दिला. “आवाज मधे बसतोय साहेब. मधेच धरायला पाहिजे.” त्याने पट्टे मध्याच्या दोन्ही बाजूंना, दीड हातावर बांधले. मी हरकत नोंदवली नाही.

दगड दहा वाजून पाच मिनिटांनी मातीतून सुटला. खालून ओलसर, काळपट, मुळांनी जखडलेला. दहा चाळीसला तो वाळूवर पालथा पडला, तळ आकाशाकडे. पोलिक्सेनीने ब्रशने माती काढली.

“ओला केला तर उजळ पट्टे दिसतील,” मिस्त्री म्हणाला. “कुणाकडे स्वच्छ फडकं आहे का?”

माझ्या खिशात एवान्थियाचा रुमाल होता. काम झाल्यावर तो मिस्त्रीला द्यायचा, या हेतूने आणला होता. मी तो दिला. त्याने निळ्या शिवणीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि रुमाल पाण्यात बुडवला.

ओल फिरताच उजळ पट्टा दिसू लागला, अखंड टोकाशी, कडेपासून सरळ. दुसरा पट्टा तुटलेल्या टोकाशी, अगदी चार बोटे उरलेला, पण त्याची आतली रेघ शाबूत. मी चष्मा लावून गुडघ्यांवर बसलो. पोलिक्सेनीने मोजपट्टीचे एक टोक धरले, मी दुसरे. अंतर तीनदा मोजले. त्यावरून मूळ लांबी निघते ती दोन मीटर बावन्न.

माझे म्हणणे बरोबर होते. दगड पूर्वेचाच आहे, मधल्या गाळ्याचा. एवान्थियाचे अनुमान सहा सेंटिमीटरने चुकले होते.

पोलिक्सेनीने आकडा मोठ्याने वाचला, मग पुन्हा एकदा वाचला. कुणी माझ्याकडे पाहिले नाही. हा वाद नऊ वर्षे चालला होता आणि तो जिंकल्याचे सांगण्यासारखी व्यक्ती तेथे उपस्थित नव्हती. तिचे अनुमान बरोबर निघाले असते तर मला अधिक सोयीचे झाले असते. का, ते मी अद्याप शोधलेले नाही.

तेवढ्यात मिस्त्री म्हणाला, “साहेब, इकडे या.”

तो दगडाच्या मध्यावर वाकला होता. त्याने नखाने मातीची एक काळी रेघ खरवडली, आणि ती रेघ नव्हती. त्याने चिमटीने एक मूळ धरून ओढले. मूळ येतच राहिले, येतच राहिले. अखेरीस हातभर बाहेर आले.

तळाची भेग आडवी आहे, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. मी पोलादाची पातळ पट्टी आत सरकवली. तुळईची उंची शहाऐंशी सेंटिमीटर. पट्टी अठ्ठावन्न सेंटिमीटर आत गेली. बाहेरच्या दोन्ही बाजूंवर दगडफुलाचे जाड थर आहेत, त्यामुळे भेग तिथे दिसत नव्हती. उरलेल्या अठ्ठावीस सेंटिमीटरवर दगड एकत्र होता. जमिनीवर पडून राहण्यासाठी तेवढे पुरेसे असते.

वर बसवताना क्रेनचे पट्टे सोडले असते, त्या क्षणी काय झाले असते, याचे गणित मी दुपारी केले. कोरीव पट्ट्याचा आणि छज्ज्याचा भार हिशेबात धरण्याची गरजच पडली नाही. स्वतःच्या वजनानेच ती तुटते.

तुळई टेकवताना फ्रांगिस्कोस मिस्त्री दोन खांबांच्या मधे, बरोबर तिच्या खाली उभा राहतो आणि हाताने इशारा करतो. हे मला बावीस वर्षे माहीत आहे.

संध्याकाळी तो रुमाल पिळून वाळत घालत होता. मी म्हणालो की तो मळला आहे, मी दुसरा आणून देईन.

“हाच द्या.”

“तुळई वर गेलेली नाही. रिवाजाप्रमाणे तो आज देता येत नाही.”

“बाईंनी रुमाल तुळईसाठी आणला असेल असं तुम्हाला वाटतं? आजच्या दिवसासाठी आणला होता.” त्याने तो घडी करून सदऱ्याच्या आत ठेवला. “गाढव आहात साहेब. शिकलेले आहात, पण गाढव आहात.”

बावीस वर्षांत तो माझ्याशी असे प्रथमच बोलला. मी त्याला शुभ संध्याकाळ म्हणालो.


बुधवार, ३० मार्च.

क्रेन रिकामी परत गेली. समितीला पत्र लिहिले. पोलिक्सेनी टंकलेखन करत होती.

“‘दिनांक ४ नोव्हेंबर १९८३ रोजी मी सही केलेले विधान असत्य होते’,” मी सांगितले.

तिचे हात थांबले. “सर, ‘अपूर्ण’ लिहू का? पाच बाजू तर पाहिल्या होत्याच की तुम्ही.”

“असत्य.”

“ते तुम्हाला काढून टाकतील. एक वर्ष राहिलंय.”

“तो निर्णय समितीचा आहे. आपल्याकडे माहिती पुरवण्याचं काम आहे. पुढे लिहा : दगडाची दुरुस्ती करून तो चढवण्यास किमान दोन वर्षे लागतील. तोपर्यंत मधला गाळा रिकामा ठेवावा.”

तिने लिहिले. पत्र टपालात टाकण्यासाठी ती स्वतः गावात गेली. मी खिडकीतून देवळाकडे पाहिले. पाच गाळ्यांपैकी मधला उघडा, त्यातून पलीकडचा डोंगर दिसतो. बाहेरून आलेल्या माणसाला ते अपुरे वाटेल. माझ्याही मनात इतकी वर्षे तेच होते.


गुरुवार, ७ एप्रिल.

ईस्टरआधीचा पवित्र गुरुवार. कार्यालयास सुट्टी. दियामान्तो सकाळी लाल रंगवलेली अंडी घेऊन आली. मी तिला टेबलाशी बसायला सांगितले आणि जून १९८६ मधल्या रविवारचा वृत्तान्त तारखेसह सांगितला. चष्मा कुठे होता तेही सांगितले.

तिने अंडी एकेक करून सरळ लावली.

“हे मला का सांगताय आता?”

“तू विचारलं होतंस. मी दिलेलं उत्तर अपुरं होतं.”

“भाऊजी, तुम्हाला शिव्या द्यायच्या म्हणून मी महिनाभर मनात जमवून ठेवल्या होत्या.” तिने डोळे पुसले. “आता एकही आठवत नाहीये बघा.” मग तिने परडीतले एक अंडे माझ्यापुढे ठेवले. “हे रविवारी फोडायचं. त्याआधी खाऊ नका. तुमचा भरवसा नाही, जेवता की नाही कोण जाणे. रविवारी आमच्याकडे या.”

मी येईन असे सांगितले.

ती गेल्यावर मी एवान्थियाची चौदाचे पान असलेली वही आणि तिच्या पेन्सिली घेऊन डोंगरावर गेलो. वही कार्यालयाबाहेर नेण्यासाठी परवानगी लागते. ती देणारा मीच असल्यामुळे मी स्वतःला तोंडी दिली आणि उद्या नोंदवहीत लिहीन. बदामाची झाडे आता पानांत आहेत. चौदा वाळूवर पालथा पडून होता. मी त्याच्यासमोर खुर्ची मांडली आणि सकाळी दहापासून दुपारी दोनपर्यंत सहावा चौकोन भरला.

माझी रेघ जाड येते. दोन उजळ पट्टे काढले, त्यांच्या आतल्या कडा काढल्या, भेग काढली. भेग सरळ नाही. मध्यावर ती एकदा डावीकडे वळते, पुन्हा सरळ होते. ते वळण तीनदा पुसून काढावे लागले. एवान्थियाने ते एकदाच काढले असते. मिस्त्रीने ओढून काढलेल्या मुळाची जागाही ठिपक्यांनी दाखवली. ती दाखवण्याची पद्धत नाही.

चौकोनाखाली “पाहिले.” असे लिहिले. त्यापुढे माझ्या नावाचे आद्याक्षर आणि तारीख.

मग, आमच्या आरेखनाच्या नियमांत अशा शेऱ्याला जागा नसली तरी, त्याच ओळीत आणखी दोन शब्द लिहिले : चष्मा लावून.